टायर फुटणे ही देवाची करणी नव्हे

(भांडगाव, ता. दौंड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

पुणे–सोलापूर महामार्गावर यवत मागे पडले आणि चौफुला यावयाचा राहिला की मध्ये भांडगाव लागते. या गावाच्या अंगावरून रात्रंदिवस वाहतूक धावते. सोलापूर आणि हैदराबादकडे जाणारे मालट्रक, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील टँकर, पुण्याला भाजीपाला व दूध नेणारे टेम्पो आणि हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या असा हा अखंड प्रवाह आहे. अशा गावातील माणसाला एक वाक्य पाठ झालेले असते. वर्तमानपत्रात ते येते, पंचनाम्यात येते आणि चहाच्या टपरीवरही ऐकू येते : 'टायर फुटला आणि चालकाचा ताबा सुटला.' या वाक्यात कर्ता नाही. टायर आपोआप फुटतो, ताबा आपोआप सुटतो आणि माणसे मात्र मरतात. जेथे कर्ता नाही तेथे जबाबदारी नाही, आणि जबाबदारी नसली की उरते ते दैव. या वाक्यातील हरवलेला कर्ता शोधणे हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विषय यंत्रशाळेतला वाटेल, पण आकडे पाहिले तर तसे वाटणार नाही. केंद्र सरकारच्या परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दर तासाला एकोणीस. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होती. हे सारे मृत्यू टायरमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. वेग, दारू, झोप, रस्त्याची रचना, अंधार अशी कारणे पुष्कळ आहेत. तथापि टायर हे असे कारण आहे की जे पाच मिनिटांच्या तपासणीने बहुधा टाळता येते, आणि तरीही ज्याला लोक सर्वांत अधिक अटळ समजतात. म्हणूनच त्याचा विचार अगत्याचा आहे.

प्रथम टायर म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. गाडीचे वजन रबर पेलते अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः ते वजन आतील दाबलेली हवा पेलते. रबर, धाग्यांचे थर आणि पोलादी तारा यांचे काम त्या हवेला कोंडून ठेवण्याचे आहे. साध्या मोटारीच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला साधारण ३० ते ३५ पौंड दाबाची हवा असते, तर भारी मालट्रकच्या टायरमध्ये ती १०० पौंडांच्या वर असते. मोटारीचा प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. त्या चार तळहातांवर एक कुटुंब ताशी ऐंशी-शंभर किलोमीटर वेगाने जात असते.

आता हवा कमी असली तर काय होते? टायर बसतो आणि त्याची कूस बाहेर फुगते. चाक फिरताना कुशीचा प्रत्येक भाग रस्त्याजवळ आला की दबतो व वर गेला की सरळ होतो. मालट्रकचे चाक एका किलोमीटरला सुमारे तीनशे वेळा फिरते. म्हणजे भांडगावाहून सोलापूरला पोहोचेपर्यंत कुशीचा प्रत्येक भाग साठ हजार वेळा वाकतो आणि सरळ होतो. लोखंडी तार हाताने वाकवून पुनःपुन्हा सरळ केली तर ती गरम होते व शेवटी तुटते, हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. टायरचेही तसेच आहे. हवा योग्य असली तर वाकणे अल्प असते आणि निर्माण झालेली उष्णता वाऱ्यावर निघून जाते. हवा कमी असली तर वाकणे वाढते, उष्णता साठत जाते, रबर व धागे यांची पकड सुटू लागते, थर एकमेकांपासून अलग होतात, आणि मग एखाद्या क्षणी कूस फाटते अथवा वरचा पट्टा उसवून निघतो. स्फोट एका क्षणात होतो, पण त्याची तयारी शेकडो किलोमीटर चाललेली असते. कित्येकदा काही दिवसांपूर्वी कमी हवेवर धावल्याने आतून खिळखिळा झालेला टायर आज पुरेशी हवा भरल्यावरही फुटतो. म्हणून 'कालच तर हवा भरली होती' हा बचाव पुरेसा ठरत नाही.

जादा मालाचा परिणामही हुबेहूब असाच होतो. ठरावीक दाबाची हवा ठरावीक वजन पेलू शकते. वजन वाढवले की टायर तसाच बसतो, तसाच फुगतो आणि तसाच तापतो. म्हणजे कमी हवा आणि जादा माल ही एकाच रोगाची दोन नावे आहेत. वेगाची त्यात भर पडली की रोग बळावतो. मालट्रकच्या मागील जोडचाकांत हा रोग अधिक दडून बसतो. आतल्या चाकाची हवा उतरली तर ते डोळ्यांना दिसत नाही, कारण शेजारचे चाक त्याचेही ओझे घेते. मग त्या शेजाऱ्यावर दुप्पट भार येऊन तोच आधी फुटतो. जुने चालक निघण्यापूर्वी लोखंडी दांडक्याने प्रत्येक चाक ठोकून आवाज ऐकत, ते याच कारणाने. दाबमापकाची जागा ते दांडके घेऊ शकत नाही हे खरे, पण त्या सवयीमागे शहाणपण होते.

याबाबतीत एक घातक गैरसमज सर्वत्र पसरलेला आहे. उन्हाळ्यात टायरमधील हवा तापून टायर फुटतो, म्हणून हवा कमी ठेवावी, असे कित्येक जण मानतात. वाटेत थांबून तापलेल्या टायरमधली हवा सोडणारेही आढळतात. हे आगीवर तेल ओतण्यासारखे आहे. तापमान दहा अंशांनी वाढले तर मोटारीच्या टायरमधील दाब सुमारे दीड ते दोन पौंडांनी वाढतो. चांगला टायर ही वाढ सहज सहन करील अशाच बेताने बनविलेला असतो. उलट तापलेल्या टायरमधून हवा काढली की तो निवल्यावर कमी हवेचा होतो, अधिक वाकतो आणि अधिक तापतो. हवा मोजावी ती टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी, आणि कारखान्याने दारावरील पट्टीवर अथवा पुस्तिकेत जो आकडा दिला आहे तोच धरावा. याचा अर्थ जादा हवा निर्दोष आहे असा नव्हे. प्रमाणाबाहेर भरलेला टायर टणक होतो, त्याची रस्त्यावरील पकड घटते, आणि खड्ड्याचा किंवा दगडाचा आघात तो सोसत नाही. जुना, चिरलेला अथवा गोटा झालेला टायर असेल तर दोन्ही प्रकारांत धोका वाढतो. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर बाद, असा नियम आहे.

बाजाराने या अज्ञानाचाही व्यापार केला आहे. नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही असे सांगून पैसे घेतले जातात. साध्या हवेतच अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजनने थोडाफार लाभ होत असेल, पण नियमित मोजणीची जागा तो घेऊ शकत नाही. पेट्रोल पंपावर हवा विनामूल्य मिळाली पाहिजे असा तेल कंपन्यांचा दंडक आहे. प्रत्यक्षात किती पंपांवर हवेचे यंत्र चालू असते आणि त्याचा मापक खरा असतो, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात पाहावे.

येथवर झाले ते विज्ञान. आता अर्थकारण. गाडीत जादा माल कोण भरतो? गोटा झालेला टायर कोण चालू ठेवतो? चालकाला ही हौस नसते, मरणारा पहिला माणूस बहुधा तोच असतो. भाड्याचा दर टनावर ठरतो, डिझेल आणि टोल खेपेवर पडतो. तेव्हा एका खेपेत जितका जास्त माल जाईल तितके मालकाच्या हाती अधिक उरते. नवा टायर आजच खर्च मागतो, आणि जुन्याचा धोका उद्यावर ढकलता येतो. चालकाची मजुरी खेपेवर असेल तर थांबून हवा मोजणे म्हणजे स्वतःची कमाई बुडविणे होय. एक-दोन गाड्यांचा कर्जबाजारी मालक स्वतःच हप्त्यांच्या टाचेखाली असतो, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. त्याच्या वर वाहतूक ठेकेदार असतो, ठेकेदाराच्या वर माल पाठविणारी कंपनी असते. नफा वरच्या दिशेने जातो, धोका खालच्या दिशेने उतरतो. शेवटी तो जेथे येऊन टेकतो ती जागा म्हणजे रस्त्यावरचा तो तळहाताएवढा रबराचा तुकडा.

उसाच्या हंगामात हे चित्र दौंड-शिरूरच्या माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मराठवाड्यातून आणि नगर जिल्ह्यातून येणारी कोयत्याची जोडपी उचल घेऊन आलेली असतात. मजुरी टनावर असते, वाहतूकही टनावर. त्यामुळे ट्रॉली भरताना थांबावयाचे कोठे, याचे उत्तर माप देत नाही, गरज देते. ट्रॅक्टरचा वेग कमी असल्याने त्याचे टायर महामार्गावरील मोटारीसारखे तापत नाहीत, हे खरे. येथे फुटण्याचे कारण बेसुमार ओझे, चिरा आणि टायरचे वय हे असते. एका बाजूचा टायर बसला की उंच रचलेली ट्रॉली कलंडते. कलंडली नाही तर ती महामार्गावर रात्रभर उभी राहते. मागे दिवा नाही, तांबडी परावर्तक पट्टी नाही, आणि चार दगड लावून चालक दुसरा टायर आणावयास गेलेला. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. पंचनाम्यात मग दुचाकीस्वाराचा भरधाव वेग नोंदला जातो. टायरचा, ओझ्याचा आणि टनावरच्या दराचा उल्लेख कोठेही येत नाही. बैल जुंपलेल्या टायरगाडीचेही हेच. तेथे टायर फुटला की मजुराच्या जिवाबरोबर बैलाच्या जिवावरही बेतते, आणि नव्या टायरचा खर्च पुन्हा उचलीतच चढतो.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा माल भरलेले वाहन चालविणारा जसा दोषी आहे, तसाच ते चालवावयास लावणारा आणि चालू देणाराही दोषी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनास आणखी दोन हजार असा आहे. 'चालवावयास लावणारा' हे शब्द पुस्तकात आहेत, पण रस्त्यावर पावती फाडली जाते ती बहुधा चालकासमोर. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा घातली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता. ज्या देशात ट्रक धंद्याचा मोठा भाग एक-दोन गाड्यांच्या मालकांचा, तेथे बहुसंख्य चालक त्या कायद्याच्या बाहेरच राहिले. २०२० साली संसदेने केलेल्या श्रमसंहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला. संहितेतील तास कागदावरून रस्त्यावर उतरतात की नाही, हे पाहण्याचे काम संघटनेलाच करावे लागेल.

या पार्श्वभूमीवर मुंबई उच्च न्यायालयाचा २०२३ सालचा एक निर्णय प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या मोटारीचा मागील टायर फुटला, गाडी खोल चरात गेली आणि आतील एक तरुण कमावता माणूस मरण पावला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने त्याच्या कुटुंबास सव्वा कोट रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनीने उच्च न्यायालयात धाव घेतली आणि टायर फुटणे ही देवाची करणी आहे, तेव्हा भरपाई देय नाही, असा युक्तिवाद केला. न्यायालयाने तो फेटाळला. देवाची करणी म्हणजे ज्याची कल्पना करता येत नाही आणि ज्याला माणूस जबाबदार नाही असा निसर्गाचा प्रकोप. टायर अतिवेगाने फुटतो, कमी अथवा जास्त हवेने फुटतो, जुना असल्याने फुटतो. गाडी काढण्यापूर्वी टायर पाहणे हे चालकाचे कर्तव्य आहे. म्हणून हा मानवी हलगर्जीपणा होय, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय आहे.

येथे मौज अशी की जी विमा कंपनी हप्ता गणिताने ठरविते, ती भरपाईची वेळ येताच देवाचा आधार घेते. अपघात जर केवळ दैवाधीन असते तर त्यांचे गणित मांडता आलेच नसते. न्यायालयाने दैवाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून बाहेर काढले, ही मोठीच गोष्ट झाली. तथापि समाजवाद्यांनी तेथे थांबता कामा नये. निर्णयाने बोट चालकाच्या कर्तव्याकडे दाखविले, आणि समोरच्या खटल्यापुरते ते योग्यच होते. पण दुसऱ्याच्या मालकीचा ट्रक, दुसऱ्याने भरलेला माल आणि दुसऱ्याने नाकारलेला नवा टायर घेऊन निघणाऱ्या पगारी चालकाने ते कर्तव्य कसे बजावावे? 'या टायरवर गाडी काढणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार आणि तसे म्हटल्यावर नोकरी टिकण्याची हमी, या दोन गोष्टी नसतील तर कर्तव्याचा उपदेश पोकळ ठरतो.

उलट दिशेचा धडाही त्याच वर्षी मिळाला. १ जुलै २०२३ च्या पहाटेपूर्वी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली व पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याने अपघात झाला, असे चालकाने सांगितले. परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याची खूण मिळाली नाही. म्हणजे 'टायर फुटला' हे वाक्य इतके सोयीचे झाले आहे की ते आता सबब म्हणूनही वापरता येते. म्हणूनच प्रत्येक मोठ्या अपघातानंतर टायरची शास्त्रीय तपासणी झाली पाहिजे आणि अहवाल लोकांपुढे आला पाहिजे. खरे कारण दडपले की पुढचा अपघात पेरला जातो.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. २००० सालच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोन कंपनीला अमेरिकेत पासष्ट लाख टायर परत मागवावे लागले. ते प्रामुख्याने फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. धावत असता टायरचा पट्टा उसवे आणि उंच गाडी उलटे. दोनशे सत्तरांहून अधिक मृत्यू या टायरांशी जोडले गेले. फोर्डने या टायरांत २६ पौंड हवा ठेवण्याची शिफारस केली होती, ती कमी होती की नाही यावर दोन्ही कंपन्या एकमेकींवर दोष ढकलीत राहिल्या. पण पुढे ॲलन क्रूगर व अलेक्झांडर मास या अर्थशास्त्रज्ञांनी निराळ्याच बाजूने शोध घेतला. सदोष टायरांपैकी पुष्कळसे इलिनॉय राज्यातील डिकेटर येथील कारखान्यात बनले होते. तेथे कंपनीने बारा तासांच्या पाळ्या व नव्या कामगारांना कमी वेतन यांचा आग्रह धरला, १९९४ साली संप झाला, आणि कंपनीने संपकऱ्यांच्या जागी बदली कामगार भरले. सदोष टायरांचे प्रमाण नेमके या संघर्षाच्या काळात वाढल्याचे त्यांना आढळले. कामगाराशी केलेला अन्याय कारखान्याच्या फाटकाआड राहत नाही. तो टायरमध्ये वळला जातो आणि हजारो मैलांवर अनोळखी कुटुंबाच्या गाडीखाली फुटतो. या प्रकरणानंतर अमेरिकेने कायदा करून नव्या मोटारींत हवा कमी होताच सूचना देणारे यंत्र सक्तीचे केले. दैवाला दोष देऊन तो देश थांबला नाही.

आपल्याकडे पर्याय नाही असेही नाही. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर, म्हणजे याच शिरूरवरून, पहिली एस.टी. धावली. एस.टी.त उणिवा पुष्कळ आहेत, जुन्या गाड्या आहेत आणि २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपाने कामगारांची दैनाही दाखवून दिली. तरीही आगारात कार्यशाळा असते, टायरची नोंद ठेवली जाते, झिजलेल्या टायरवर नवा थर चढविण्याचे महामंडळाचे स्वतःचे कारखाने आहेत. येथे तपासणी ही व्यवस्था आहे, एखाद्याच्या मर्जीचा प्रश्न नाही. सार्वजनिक वाहतूक दुबळी करून माणसांना वडाप जीपमध्ये कोंबणे हे धोरण शेवटी टायरवरच येऊन आदळते.

मग भांडगावसारख्या गावातील कार्यकर्त्याने काय करावे? पहिली गोष्ट घरापासून. मोर्च्याला आणि सभेला येणारे टेम्पो पन्नास-पन्नास माणसे उभी करून आणले जातात. शोषणाविरुद्ध घोषणा देत जाणाऱ्या त्याच टेम्पोचे टायर कोणी तपासलेले नसतात. यापुढे गाडी ठरविताना संख्या मर्यादेत ठेवावी आणि चालकाबरोबर एका कार्यकर्त्याने थंड चाकांची हवा मोजूनच गाडी सोडावी. दाबमापक काही फार महाग नसतो.

दुसरी गोष्ट कारखान्याच्या आवारात. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक साखर कारखान्याने आणि गुऱ्हाळाने आपल्याकडे ऊस आणणाऱ्या ट्रॉल्या, ट्रक व टायरगाड्या यांची टायर-तपासणी करावी, गाडीतळावर विनामूल्य हवेचे यंत्र ठेवावे, परावर्तक पट्ट्या लावाव्यात, आणि वजनकाट्यावर मर्यादेपेक्षा जास्त भरलेली ट्रॉली आढळल्यास त्याची जबाबदारी मजुरावर न टाकता ठेकेदारावर टाकावी. काटा कारखान्याचाच असतो. जादा ओझे किती, हे कारखान्याला दर खेपेला कळते. न कळल्याची सबब तेथे चालणार नाही.

तिसरी गोष्ट चालकांची संघटना. असुरक्षित गाडी नाकारण्याचा हक्क, कामाच्या तासांची मर्यादा, आणि पकडलेल्या जादा मालाचा दंड माल पाठविणाऱ्याकडूनही वसूल करणे, या तीन मागण्या मालक-चालक दोघांच्याही सभांत मांडता येतील. लहान मालकाचाही यात तोटा नाही. सर्वांनाच मर्यादा पाळावी लागली तर दर आपोआप वाढतात, एकट्याने पाळली तर मात्र तो बुडतो. संघटनेची गरज असते ती नेमकी अशाच ठिकाणी.

आणि चालकांना एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवावी. धावत्या गाडीचा टायर फुटलाच तर जोराने ब्रेक मारू नये. सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू काढावा, वेग पुरेसा उतरल्यावरच कडेला घ्यावे, मागे दूर अंतरावर खूण ठेवावी आणि माणसांना रस्त्यापासून लांब उभे करावे. एवढ्याने प्रत्येक जीव वाचेल असे नाही, पण काही नक्कीच वाचतील.

साथींनो, रोगराई हा देवीचा कोप आहे असे एके काळी लोक मानीत. लस आली, स्वच्छ पाणी आले, आणि कोप निवला. दुष्काळ हे नशीब आहे असे मानणाऱ्या या दौंड तालुक्यात कालवा आला आणि नशीब बदलले. पुढच्या वेळी महामार्गावर गर्दी जमेल आणि कोणी हळहळत 'टायर फुटला, वेळ आली होती' असे म्हणेल, तेव्हा जवळच्या कार्यकर्त्याने शांतपणे चारच प्रश्न विचारावेत : हवा कोणी मोजली होती? माल किती होता? टायर किती जुना होता? आणि नवा घेण्यास नकार कोणी दिला? या चार प्रश्नांची उत्तरे पंचनाम्यात लिहिली जाऊ लागतील, त्या दिवशी त्या वाक्यातील हरवलेला कर्ता सापडेल.